गप्प बसणारा प्रोग्राम शहाणा नसतो

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक मत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. टर्मिनलवर चालणाऱ्या प्रोग्रामने उगाच तोंड उघडू नये. काम नीट झालं तर गप्प राहावं, बिघडलं तरच बोलावं. गरगर फिरणारी काडी, सरकणारी पट्टी, 'फाइल उतरवत आहे' असले निरोप, हे सगळे नवशिक्यांचे लाड. ज्याला काम कळतं तो निमूट वाट पाहतो. हे मत मांडणारे अडाणी नाहीत. उलट त्यांतले बरेच जण या धंद्यात मुरलेले आहेत आणि खरी पंचाईत तीच आहे. मुरलेल्या माणसाच्या तोंडून आलं की नवी मुलं ते तपासून न बघता उचलतात, आणि त्याच सवयीने लिहिलेली साधनं पुढे कुणाच्या तरी टेबलावर जाऊन पोचतात. मला हे मत साफ चूक वाटतं. आपण काय करतो आहोत हे सांगणं प्रोग्रामच्या कामाचाच भाग आहे. आणि जे सांगायचं ते खरं असलं पाहिजे, ही अट पहिलीइतकीच कडक.

आधी त्यांची बाजू, ती जिथे सर्वांत बळकट आहे तिथून. १९७३ साली युनिक्समध्ये पाइप आला. डग मॅकिलरॉय यांनी धरलेला आग्रह असा की एका प्रोग्रामचं उत्तर सरळ दुसऱ्याच्या तोंडात जावं. मग फाइलींची यादी देणारा प्रोग्राम मध्येच 'यादी तयार करत आहे' असं म्हणाला, तर ओळी मोजणारा पुढचा प्रोग्राम तीही ओळ मोजणार. एरिक रेमंड यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात या शिस्तीला मौनाचा नियम म्हणून जागा दिली. त्यात क्रॉनची भर. रात्री ठरल्या वेळी क्रॉन जे काम चालवतो त्याने एक अक्षर जरी छापलं, तरी ते मेलने मालकाकडे जातं. रोज सकाळी 'सगळं ठीक आहे' असे पन्नास मेल आले की एक्कावन्नावा, खऱ्या बिघाडाचा मेल न वाचताच पुसला जातो. हे सगळं मला मान्य आहे.

पण ही शिस्त कोणत्या यंत्रावर जन्मली तेही बघा. त्या वेळी समोर पडदा नव्हता, टेलिटाइप मॉडेल ३३ होतं. सेकंदाला दहा अक्षरं, तीही खडखडाट करत कागदावर. 'काम पूर्ण झालं' एवढं छापायलासुद्धा दीड-दोन सेकंद जात आणि कागदाची एक ओळ खर्ची पडे. त्या काळचा 'ईडी' हा संपादक चुकलेल्या आज्ञेला नुसतं एक प्रश्नचिन्ह छापून उत्तर देई. अशा यंत्रावर कमी बोलणं ही काटकसर होती, आणि योग्य काटकसर होती. यंत्र गेलं, काटकसरीचं कारण गेलं, आणि मागे उरलेल्या सवयीला आपण तत्त्व म्हणू लागलो.

शिवाय परंपरेचा दाखला देणारे तिचं अर्धंच पान वाचतात. युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटर आला तेव्हाची हकीकत स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितली आहे. मजकूर यंत्रावर पाठवायचा, मग लांबलचक कागदाची पट्टी उग्र वासाच्या रसायनाच्या यंत्रातून काढायची, काही मिनिटं थांबायचं. एका दुपारी कित्येकांच्या हाती जो कागद आला त्यावर सुबक टाइपात एकच ओळ होती: अमुक फाइल उघडता येत नाही. चूक कळवणारा निरोप मजकुराच्याच वाटेने गेला आणि छापून आला. कुरकुर झाली, आणि थोड्याच दिवसांत प्रोग्रामला दुसरी वाट मिळाली, तिला आज आपण स्टँडर्ड एरर म्हणतो. नाव चुकांचं पडलं, पण वाट माणसाची आहे. पुढच्या प्रोग्रामसाठी एक तोंड आणि समोर बसलेल्या माणसासाठी दुसरं, ही सोय मौनाचा नियम ज्या घरात जन्मला त्याच घरात झाली.

पलीकडे माणूस आहे की नाही, हेही प्रोग्रामला विचारता येतं. 'इज-ए-टीटीवाय' नावाचं एक छोटं फंक्शन आहे. आपली वाट टर्मिनलवर संपते की फाइलीत, ते एका क्षणात सांगतं. गिट हेच करतो. प्रगतीचे आकडे तो स्टँडर्ड एररवर देतो, तेही समोर टर्मिनल असेल तरच, आणि त्यातले बरेचसे आकडे काम जरा लांबलं तरच. फाइली उतरवणारा डब्ल्यूगेट टर्मिनलवर पट्टी दाखवतो, पण उत्तर फाइलीत वळवलंत की मुकाट्याने ठिपक्यांवर येतो. तेव्हा पाइप आणि क्रॉनचं कारण पुढे करून माणसासमोरही गप्प बसणाऱ्यांनी निदान एवढं मान्य करावं की हे कोडं केव्हाच सुटलं आहे, दहा ओळी लिहायचा कंटाळा तेवढा उरला आहे.

आता हे मौन प्रत्यक्षात काय करतं ते सांगतो. मी राहतो इंदूरच्या खजरान्यात. गणपतीच्या देवळाकडून रिंग रोडकडे निघालं की दुतर्फा दुकानं, दवाखाने, शिकवण्या, आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर हिशेबाची आणि बिलांची छोटी ऑफिसं. अशाच एका ऑफिसात डिस्क बदलल्यावर जुना बॅकअप परत भरायचा होता. तिथला मुलगा हुशार, बिलिंग तोंडपाठ, पण टर्मिनलशी संबंध एवढाच की कागदावर लिहून दिलेली आज्ञा तशीच्या तशी टाइप करायची. आज्ञा मायएसक्यूएलची होती: ही फाइल घे आणि डेटाबेसमध्ये भर. त्याने एंटर दाबलं. काळा पडदा, एक लुकलुकणारा कर्सर. फाइल मोठी, यंत्र जुनं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, पडद्यावर अक्षर नाही. खाली गिऱ्हाइकं खोळंबलेली, मालक दर दहा मिनिटांनी जिन्यावरून डोकावतोय. शेवटी मला फोन आला, "सर, ये तो अटक गया था, मैंने बंद करके फिर से चालू कर दिया।"

काम अडकलेलं नव्हतं. रिस्टोर आपल्या गतीने चालू होता. खिडकी बंद केल्यावर तो जिथे होता तिथे मेला. नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या बॅकअप फाइलीत प्रत्येक टेबलासाठी आधी 'जुनं टेबल असेल तर पाडा', मग 'नवं बनवा', मग 'नोंदी भरा' असा क्रम असतो. मध्येच तोडलं की पहिली काही टेबलं पूर्ण, एक अर्धवट भरलेलं, आणि बाकीची जुनी तरी किंवा नसलेलीच. पुन्हा पहिल्यापासून चालवलं की हे सावरतं, पण पुन्हा चालवल्यावरही समोर तोच काळा पडदा. दुसऱ्या खेपेला तो मुलगा किती वेळ थांबणार? आणि का थांबावं त्याने?

इथे मुरलेली मंडळी म्हणतात, चूक त्या मुलाची. दुसरं टर्मिनल उघडायचं, चालू प्रोग्राम दाखवणारा टॉप चालवायचा, डेटाबेसला चालू कामांची यादी विचारायची, सगळं दिसतं. दिसतं ना. पण ज्याला हे येतं त्याला मुळात शंकाच येत नाही. पुढे थांबायचं की तोडायचं हा निर्णय घेण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्या हातात नेमका पुरावा नसतो. मौन पाळणारा प्रोग्राम हा निर्णय टाळत नाही, तो दुसऱ्यावर ढकलतो, आणि ढकलताना लागणारी माहिती स्वतःजवळ ठेवून घेतो. ती माहिती त्याच्याकडे असते, हे सगळ्यात वाईट. फाइल किती बाइटची आहे आणि आपण कितव्या बाइटवर आहोत हे वाचणाऱ्याला कळतंच. अँड्र्यू वुड यांनी 'पीव्ही' हे साधन नेमकं याच कामासाठी लिहिलं. पाइपच्या मध्ये ते बसवलं की किती मजकूर पुढे गेला ते दिसत राहतं, आणि मायएसक्यूएलला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या मुलाच्या कागदावरची आज्ञा आता पीव्हीतून जाते. पण बाहेरून असं ठिगळ लावावं लागतं, हीच मूळ साधनाविरुद्धची तक्रार आहे.

जुन्यांनाही हे कळत होतं. पीडीपी-१० वर चालणाऱ्या टेनेक्समध्ये कंट्रोल-टी दाबलं की चालू काम कुठवर आलं, यंत्रावर किती भार आहे, हे एका ओळीत मिळे. काम चालूच राही. तीच सोय पुढे बीएसडीत आली, आणि फ्रीबीएसडीवर, मॅकवर आजही आहे. लिनक्सवर नाही. तिथे 'डीडी'सारख्या, डिस्कच्या डिस्क नकलणाऱ्या साधनाला स्थिती विचारायची तर दुसऱ्या खिडकीतून त्याला यूझर-वन नावाचा सिग्नल पाठवावा लागे. हीच युक्ती लिनक्सवर शिकून कुणी मॅकवर वापरली, तर तिथला डीडी आकडे न सांगता मरतो, कारण तिथे त्या सिग्नलचा अर्थच 'संपव' असा. 'कुठवर आलास?' असं विचारल्याबद्दल कामच मारलं जावं, याला शिस्त कोण म्हणेल? जीएनयूच्या डीडीला 'स्टेटस=प्रोग्रेस' हा पर्याय २०१५ साली, कोअरयुटिल्सच्या ८.२४ या आवृत्तीत मिळाला. डीडी त्याच्या कितीतरी दशकं आधीचा.

एवढं वाचून फिरत्या काड्यांचे भक्त खूश होत असतील, तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते कमी कडू नाही. कारण आजच्या बहुतेक काड्या खोट्या फिरतात.

काडी फिरवणं तांत्रिकदृष्ट्या सोपं. एक चिन्ह छापायचं, कर्सर ओळीच्या सुरुवातीला न्यायचा, त्यावर पुढचं चिन्ह छापायचं. प्रश्न एवढाच की पुढचं चिन्ह कधी छापायचं. पूर्वीच्या साध्या प्रोग्राममध्ये एक ब्लॉक वाचला की काडी एक पाऊल फिरे. ब्लॉक वाचणं थांबलं की काडीही थांबे, आणि बघणारा ओळखे की डिस्कने दगा दिला. ती काडी कामाला बांधलेली होती. आता ती घड्याळाला बांधतात. नोडमधल्या लोकप्रिय लायब्ररी टायमर लावून दर काही मिलिसेकंदांनी चिन्ह बदलतात, आणि काम वेगळीकडे चालतं. परिणाम उलटा होतो. प्रोग्राम जोरात हिशेब करत असतो तेव्हा टायमरला वेळच मिळत नाही आणि काडी गोठते. पलीकडचा सर्व्हर मेलेला असतो, प्रोग्रामला करण्यासारखं काही उरलेलं नसतं, तेव्हा काडी झोकात फिरत राहते. काम चालू असताना 'अडकलं' आणि अडकलेलं असताना 'चालू', असा निरोप देणाऱ्या साधनापेक्षा काळा पडदा बरा, असं कुणी म्हणालं तर मी त्याला दोष देणार नाही. पण त्यावरचा उपाय काळा पडदा नाही. काडी पुन्हा कामाला बांधा.

पट्टीचंही तसंच. पेनड्राइव्हवर मोठी फाइल नकलताना लिनक्स आधी मजकूर मेमरीत घेतो, ड्राइव्हवर सावकाश उतरवतो. म्हणून पट्टी भराभर पुढे जाते, शंभर टक्क्यांशी पोचते आणि मग कित्येक मिनिटं प्रोग्राम संपत नाही. कंटाळून कुणी ड्राइव्ह उपसला की फाइल अर्धी. प्रोग्रामने मेमरीत गेलेले बाइट मोजले, ड्राइव्हवर पोचलेले नाही. शेवटच्या टप्प्यात 'ड्राइव्हवर लिहून होण्याची वाट पाहत आहे' ही एक ओळ दिली असती तरी पुरे होतं.

विरोधकांचा आणखी एक मुद्दा वेगाचा आहे आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. २०१६ च्या जानेवारीत लक्षात आलं की नोडची पॅकेजं बसवणाऱ्या एनपीएमची प्रगतीची पट्टी बंद केली की पॅकेजं बसवायला काही जणांना जवळपास निम्माच वेळ लागतो. म्हणजे वेळ किती लागेल हे दाखवण्यातच तो वेळ खर्च होत होता. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट होती यात वाद नाही. पण झालं होतं काय, तर पट्टी गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा रंगवली जात होती. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला दहा बदल पुष्कळ झाले. पायथॉनमध्ये पट्टी काढणारा टीक्यूडीएम मुळातच एक दशांश सेकंदापेक्षा लवकर पुन्हा छापत नाही. घड्याळ बघून छापायचं एवढीच ती दुरुस्ती. तिच्यासाठी मौनव्रत घ्यायची गरज नव्हती.

'अंदाज खोटे ठरतात, म्हणून अंदाज देऊच नका' हा आक्षेप मात्र मला अर्धा पटतो. उरलेला वेळ सांगणं जोखमीचं आहे आणि नेटवर्कवर तर बेभरवशाचंच. म्हणून उरलेल्या वेळेऐवजी झालेलं काम सांगा. आमच्या खजराना गणपतीच्या दानपेट्या उघडतात तेव्हा मोजणी कित्येक दिवस चालते. नाणी, नोटा, परदेशी चलन, मध्ये भक्तांच्या चिठ्ठ्या. एकूण किती निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं, तरी रोज बातमी येते: आतापर्यंत इतके मोजून झाले, मोजणी सुरू आहे. टक्के कुणी सांगत नाही, कारण टक्के काढायला एकूण लागतं. जे हातात आहे तेच सांगतात, आणि वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. '४१२ टेबलं भरली, आता ग्राहक-नोंदी भरत आहे' हा निरोप त्याच जातीचा. एकूण माहीत असेल तर '१,९०० पैकी' जोडा, नसेल तर नका जोडू.

ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये टोरोंटोत असताना दाखवून दिलं होतं की किती टक्के झालं हे सांगणारी पट्टी लोकांना हवी असते, लांब चालणाऱ्या कामांत तर खासच. पुढे यातूनच एक वेगळी वाट निघाली. ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सांगितलं की शेवटी वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटते. २०१० मध्ये तर पट्टीवरचे पट्टे उलट्या दिशेने सरकवून तेवढाच वेळ ११ टक्के कमी भासवता येतो असं दाखवलं. संशोधन म्हणून ते उत्तम आहे. पण ते साधनांत उतरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सर्व्हरवर ही कलाकारी करू नका. तिथे बसलेल्याला बरं वाटून घ्यायचं नसतं, थांबायचं की तोडायचं ते ठरवायचं असतं.

आणि ज्याला पडदा दिसतच नाही त्याचं काय? आजच्या पुष्कळ काड्या युनिकोडमधल्या ब्रेल ठिपक्यांच्या चिन्हांनी काढतात, कारण ती डोळ्यांना सुरेख दिसतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध प्रोग्रामरला ती दर क्षणी बदलणारी निरर्थक चिन्हं ऐकावी लागतात, तीही ब्रेलच्याच लिपीतली. गूगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कमांड-लाइन अंध व्यक्तींना कितपत वापरता येते याचा अभ्यास मांडला, आणि अशा निर्देशकांची अडचण त्यात आलेली आहे. गिटहबने २०२५ मध्ये आपल्या कमांड-लाइन साधनात काडीच्या जागी साधा शब्दांतला निरोप येईल अशी सोय केली. हा बदल अंधांसाठी झाला, पण शब्दांतला निरोप डोळस माणसालाही काडीपेक्षा जास्त सांगतो. 'पॅकेज उतरवत आहे' ऐकूनही कळतं, वाचूनही कळतं, आणि दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये सापडतंही.

लॉगवरून आठवलं. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर काम टाकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर टर्मिनल नसतंच. काम रांगेत लागतं, रात्री कधीतरी सुरू होतं, आणि जे छापलं जाईल ते फाइलीत साठतं. समोर टर्मिनल आहे की नाही हे न विचारणारी काडी तिथे फिरली, तर सकाळी त्या फाइलीत हजारो काड्यांचा चिखल असतो आणि त्यात एक खरी चूक पुरलेली. तिथे हवी ती वेळेसकट एक साधी ओळ, प्रत्येक टप्प्याला एक.

निरोप मराठीत किंवा हिंदीत द्यायला निघालं की आणखी एक आक्षेप येतो: देवनागरी टर्मिनलवर ओळ बिघडवते. बिघडवते, खरं आहे. टर्मिनल चौकटी मोजतं, आणि 'स्थिती' या शब्दाला किती चौकटी लागतात यावर प्रोग्राम आणि टर्मिनल यांचं एकमत होत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. बाइट मोजून जुना निरोप मोकळ्या जागांनी पुसायला गेलं की कुठे जास्त पुसलं जातं, कुठे मागच्या शब्दाची वेलांटी लोंबत राहते. पण मोकळ्या जागा छापून पुसायचंच कशाला? 'इथून ओळीच्या शेवटापर्यंत पुसा' असा संकेत टर्मिनलला दशकानुदशकं कळतो. तो वापरला की चौकटी मोजायचं कामच उरत नाही. खजरान्यातल्या त्या मुलाला 'रिस्टोरिंग' कळतंच, पण 'टेबल भरत आहे, बंद करू नका' हे त्याच्या मालकालाही जिन्यावरून वाचता आलं असतं.

शेवटचा मुद्दा असा की सगळा वाद काम चालू असतानाच्या वेळेभोवती फिरतो आणि काम संपतानाचा क्षण कुणी बघत नाही. बरीच सुंदर साधनं काम संपलं की पट्टी पुसून टाकतात आणि पडदा होता तसा कोरा करून देतात. चहा घेऊन परत आलेल्या माणसाला काय कळणार, की झालं, की सुरूच झालं नव्हतं? काडी पुसा, पण तिच्या जागी एक ओळ राहू द्या: काय झालं, किती झालं, किती वेळ लागला. चुकलं तर कुठल्या टेबलावर चुकलं. आणि कुणी कंट्रोल-सी दाबलं, तर मरण्याआधी एवढं सांगा की कुठवर आलो होतो, काय अर्धवट राहिलं, आणि पुन्हा चालवलं तर पहिल्यापासून सुरू होईल की तिथून पुढे.